प्रवेश विनामूल्य: वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवरील एक दिवस

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे पर्यटनासाठी आलेल्या बहुतेक कुटुंबांचा दिवस एकाच लांबट मैदानावर जातो. पूर्वेकडील टेकडीवरचे संसदभवन, म्हणजे कॅपिटॉल, आणि पश्चिमेला पोटोमॅक नदीलगतचे लिंकन स्मारक यांच्या दरम्यान सुमारे तीन किलोमीटर लांबीचा हिरवळीचा पट्टा आहे. त्यालाच नॅशनल मॉल म्हणतात. त्याच्या पूर्वेकडील अर्ध्या भागात दोन्ही कडांना संग्रहालये ओळीने उभी आहेत, तर पश्चिमेकडील अर्ध्या भागात युद्धांची आणि राष्ट्राध्यक्षांची स्मारके आहेत. पॅरिसमध्ये लूव्र पाहायचे तर तिकीट काढावे लागते, आणि लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियम विनामूल्य असले तरी टॉवर ऑफ लंडनचे चौघांचे तिकीट खिशाला चांगलेच जाणवते. मॉलवर मात्र आजी-आजोबांपासून तान्ह्या मुलापर्यंतचे कुटुंब सकाळपासून रात्रीपर्यंत हिंडले, तरी स्मारकांत आणि संग्रहालयांत कोणी प्रवेशशुल्क मागत नाही. पर्यटक या गोष्टीची नोंद सोय म्हणून घेतात आणि पुढे जातात. परंतु ही मोकळीक आपोआप आलेली नाही. ती वेळोवेळी वाद घालून, कायदे करून आणि पैसा उभा करून निर्माण करावी लागली. आरंभी ती सर्वांसाठी नव्हतीही. ज्यांना या देशाने दाराबाहेर ठेवले होते, त्यांनीच या मोकळ्या जागेचा सर्वांत अर्थपूर्ण उपयोग करून घेतला. हा इतिहास डोळ्यांसमोर असेल तर त्याच तीन किलोमीटरांमध्ये कुटुंबाला कितीतरी अधिक दिसते.

वॉशिंग्टनच्या परिसरात, म्हणजे व्हर्जिनियातील ॲशबर्न, हर्नडन, फेअरफॅक्स आणि मेरीलँडमधील जर्मनटाउन यांसारख्या उपनगरांत, संगणक क्षेत्रात काम करणारी अनेक मराठी कुटुंबे राहतात. पुण्या-मुंबईहून किंवा सांगली-नागपूरहून मुलांकडे राहायला आलेल्या आई-वडिलांना राजधानी दाखवणे हा त्यांच्या घरचा ठरलेला कार्यक्रम असतो. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मेट्रोची सिल्व्हर लाइन डलस विमानतळ ओलांडून ॲशबर्नपर्यंत पोहोचल्यापासून त्यासाठी गाडी शहरात नेण्याची आणि पार्किंग शोधत फिरण्याची गरज उरलेली नाही. ही मेट्रो १९७६ साली सुरू झाली. तिच्या भुयारी स्थानकांची काँक्रीटची, चौकोनी खळग्यांची कमानदार छते वास्तुविशारद हॅरी वीझ यांनी आखलेली असून प्रवाशाला मान वर करायला लावण्याइतकी ती भव्य आहेत. बहुतेक कुटुंबे थेट स्मिथसोनियन स्थानकावर उतरतात आणि संग्रहालयांपासून दिवसाची सुरुवात करतात; येथे क्रम उलटा केलेला बरा. संग्रहालये साधारणतः सकाळी दहाला उघडतात आणि साडेपाचला बंद होतात, तर उघड्यावरच्या स्मारकांत कोणत्याही वेळी जाता येते. उन्हाळ्यात या शहरातला उकाडा मुंबईच्या मे महिन्याची आठवण करून देतो. म्हणून सकाळी लवकर फॉगी बॉटम स्थानकावर उतरून, वीस-पंचवीस मिनिटे चालत लिंकन स्मारकापाशी पोहोचावे आणि ऊन चढू लागले की पूर्वेकडे सरकत संग्रहालयांच्या थंडाव्यात शिरावे, हा क्रम ज्येष्ठांच्या गुडघ्यांना आणि मुलांच्या उत्साहालाही मानवतो.

या क्रमाने चालणारे कुटुंब ज्या जमिनीवर पहिले पाऊल ठेवते, ती दीडशे वर्षांपूर्वी अस्तित्वातच नव्हती. फ्रेंच अभियंता पिएर लांफां याने १७९१ मध्ये नव्या राजधानीचा आराखडा केला, तेव्हा संसदभवनापासून पश्चिमेकडे जाणारा एक रुंद राजमार्ग त्याच्या मनात होता आणि नदीचे पात्र आजच्या वॉशिंग्टन स्तंभाच्या जवळपास येऊन भिडत होते. पुढील शंभर वर्षांत हा राजमार्ग झालाच नाही. मॉलच्या उत्तर कडेने एक कालवा काढण्यात आला, तो गाळाने आणि सांडपाण्याने भरल्यावर १८७० च्या दशकात बुजवण्यात आला आणि आज त्यावरून कॉन्स्टिट्यूशन ॲव्हेन्यू हा रस्ता जातो. सतराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचे छोटे दगडी घर हे त्या कालव्याच्या दरवाज्यांची राखण करणाऱ्याचे होते. मॉलवरच रेल्वेचे रूळ आणि स्थानक होते, आणि त्याच स्थानकात १८८१ साली राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. १८८० च्या दशकात पोटोमॅकमधील गाळ उपसून पश्चिमेला भराव घालण्यास सुरुवात झाली. १९०२ मध्ये सिनेटर मॅकमिलन यांच्या समितीने मॉलची नवी आखणी मांडली आणि रेल्वे येथून हलवण्याचे ठरले. कॅपिटॉलच्या उत्तरेला उभे असलेले युनियन स्टेशन त्यातूनच १९०७ मध्ये सुरू झाले. आज अनादिकाळापासून तशीच असावी असे वाटणारी ही हिरवळ, सार्वजनिक जागेवरून खाजगी रेल्वे कंपनीला हटवता येते हे एका पिढीने दाखवून दिल्यामुळे मोकळी झालेली आहे.

लिंकन स्मारकासाठी ही भराव जमीन निवडली गेली, तेव्हा प्रतिनिधिगृहाचे सभापती जोसेफ कॅनन यांनी कडाडून विरोध केला होता, कारण दलदलीत लिंकन यांचे स्मारक उभारणे त्यांना त्या थोर माणसाचा अपमान वाटत होता. बांधकाम करणाऱ्यांनी भरावातून खाली खडकापर्यंत काँक्रीटचे खांब उतरवले आणि त्यावर हेन्री बेकन यांनी आखलेली ग्रीक मंदिरासारखी वास्तू उभी राहिली. लिंकन यांच्या मृत्यूच्या वेळी संघराज्यात जितकी राज्ये होती तितके, म्हणजे ३६, स्तंभ तिच्याभोवती आहेत. आतील एकोणीस फूट उंचीची बैठी मूर्ती डॅनियल चेस्टर फ्रेंच यांची असून ती जॉर्जिया राज्यातील पांढऱ्या संगमरवराच्या २८ तुकड्यांतून न्यूयॉर्कमधील पिचिरिली या इटालियन स्थलांतरित बंधूंनी कोरली. सांधे इतके बेमालूम जुळवले आहेत की सांगितल्याशिवाय ते दिसत नाहीत. बहुतेक कुटुंबे मूर्तीसमोर छायाचित्र काढून खाली उतरतात आणि येथील खरी संपत्ती तशीच मागे राहते. ही संपत्ती म्हणजे दोन्ही बाजूंच्या भिंतींवर कोरलेली लिंकन यांची दोन भाषणे. दक्षिणेकडील भिंतीवर गेटिसबर्गच्या रणभूमीवर केलेले, तीनशेहून कमी शब्दांचे भाषण आहे आणि उत्तरेकडील भिंतीवर दुसऱ्यांदा पदग्रहण करताना, खून होण्यापूर्वी जेमतेम सहा आठवडे आधी केलेले भाषण आहे. इंग्रजी वाचू लागलेल्या नातवंडाने ती मोठ्याने वाचावीत आणि आजी-आजोबांनी ऐकावीत, यासाठी लागणारी दहा-पंधरा मिनिटे या दिवसात अवश्य राखून ठेवावीत.

गुलामगिरी संपवणाऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या या स्मारकाचे उद्घाटन ३० मे १९२२ रोजी झाले, तेव्हा कृष्णवर्णीय श्रोत्यांना वेगळ्या, मागच्या भागात बसवण्यात आले होते. टस्कीगी संस्थेचे प्रमुख रॉबर्ट मोटन हे त्या दिवशीचे एकमेव कृष्णवर्णीय वक्ते होते आणि देशाने अपुरे ठेवलेले काम सांगणारा त्यांच्या भाषणाच्या मसुद्यातील भाग आधीच काढून टाकायला लावण्यात आला होता. पुढे १९३९ मध्ये विख्यात गायिका मेरियन अँडरसन यांना त्या कृष्णवर्णीय असल्यामुळे शहरातील कॉन्स्टिट्यूशन हॉल नाकारण्यात आला. तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी सभागृहाच्या मालक संस्थेचा राजीनामा दिला आणि सरकारने याच पायऱ्या गाण्यासाठी मोकळ्या केल्या. ९ एप्रिल १९३९ च्या ईस्टर रविवारी सुमारे ७५,००० लोकांनी, यावेळी कोणाची जागा वेगळी न करता, उघड्यावर एकत्र बसून त्यांचे गाणे ऐकले. भाडे भरून मिळणारे सभागृह बंद झाले आणि ज्या जागेला तिकीट नव्हते ती उपयोगी पडली. २८ ऑगस्ट १९६३ रोजी सुमारे अडीच लाखांचा मोर्चा याच पायऱ्यांशी आला, त्यालाही ही पूर्वपीठिका होती. मार्टिन ल्यूथर किंग यांनी जेथे उभे राहून भाषण केले, तो मूर्तीखालचा टप्पा २००३ मध्ये दगडात अक्षरे कोरून दाखवण्यात आला आहे. अक्षरे फिकट असल्याने ती शोधावी लागतात, आणि बहुतेकांचे पाय न बघता त्यांवरून जातात. किंग १९५९ साली भारतात आले होते आणि मुंबईत त्यांनी गांधीजींच्या मणिभवनात मुक्काम केला होता, हे मुंबईहून आलेल्या कुटुंबाने त्या ओळींपाशी आठवावे.

लिंकन स्मारकाच्या पायऱ्या उतरून डावीकडे वळले की काही मिनिटांच्या अंतरावर व्हिएतनाम युद्धातील मृतांचे स्मारक आहे. या दिवसात सर्वाधिक वेळ येथे द्यावा असे प्रस्तुत लेखाचे मत आहे. दुरून ते दिसतच नाही. जमीन हलकेच खाली उतरत जाते आणि डाव्या हाताला काळ्या, आरशासारख्या तुळतुळीत दगडाची भिंत सुरू होते. टोकाशी घोट्याइतकी असलेली ही भिंत पावलागणिक वाढत जाऊन मध्यावर दहा फुटांहून उंच होते. तेथे कोन करून ती दुसऱ्या बाजूला वळते आणि पुन्हा उतरत जाते. भिंतीवर ५८,००० हून अधिक नावे अर्ध्या इंचाहून किंचित मोठ्या अक्षरांत कोरलेली आहेत. त्यांत ना हुद्दा आहे, ना पलटण, ना राज्य. क्रम वर्णानुक्रमाचा नसून मृत्यूच्या तारखेचा आहे: मधल्या कोनापाशी १९५९ पासून सुरू होऊन नावे पूर्वेच्या टोकाकडे जातात, पश्चिमेच्या टोकापासून पुन्हा सुरू होतात आणि १९७५ मध्ये त्याच कोनाशी येऊन संपतात. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच चकमकीत पडलेले सोबती येथेही शेजारी शेजारी आहेत. प्रत्येक नावालगत एक खूण असते; मृत्यू निश्चित असेल तर चौकट, आणि माणूस बेपत्ता असेल तर छोटी फुली. बेपत्ता माणसाचे अवशेष सापडून ओळख पटली की त्या फुलीवरच चौकट कोरली जाते. नाव कोणत्या फलकावर आहे ते शोधण्यासाठी दोन्ही टोकांना जाडजूड सूची ठेवलेल्या असतात. एखादा म्हातारा माणूस बोटाने ओळी मोजत नावापाशी पोहोचतो, स्वयंसेवकाने दिलेली कागदाची पट्टी त्यावर धरतो आणि पेन्सिल आडवी धरून घासू लागतो, तेव्हा करड्या रेघांतून पांढरी अक्षरे एकेक करून वर येतात. दगड इतका चकचकीत आहे की नाव वाचणाऱ्याला त्या नावांच्या मागे स्वतःचा चेहराही दिसतो. भिंतीच्या पायथ्याशी लोक पत्रे, पदके, लष्करी बूट ठेवून जातात, आणि फुलांसारख्या नाशवंत वस्तू वगळता बाकीच्या वस्तू राष्ट्रीय उद्यान सेवा गोळा करून जतन करते.

या भिंतीचा दगड भारतातील आहे. स्मारकाला हव्या असलेल्या काळ्या ग्रॅनाइटसाठी बंगळूरजवळच्या खाणींची निवड झाली, तो दगड व्हरमाँट राज्यात कापून घडवला गेला आणि टेनेसीतील मेम्फिस येथे त्यावर नावे कोरली गेली. आराखडा करणारी माया लिन ही तेव्हा येल विद्यापीठात शिकणारी, एकवीस वर्षांची, चिनी वंशाच्या आई-वडिलांची अमेरिकेत जन्मलेली मुलगी होती. स्पर्धेत आलेल्या १,४२१ आराखड्यांवर नावांऐवजी केवळ क्रमांक होते, त्यामुळे आराखडा कोणाचा हे माहीत नसतानाच परीक्षकांनी तिची निवड केली. निवड जाहीर झाल्यावर मात्र काळा रंग, जमिनीखाली जाणारी रचना आणि पुतळ्याचा अभाव यांवरून मोठे वादळ उठले, तिच्या वंशाचाही उल्लेख झाला. तडजोड म्हणून जवळच तीन सैनिकांचा कांस्यपुतळा १९८४ मध्ये बसवण्यात आला. भिंतीचे लोकार्पण १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये झाले होते, आणि तिचा खर्च सरकारने नव्हे तर देणगीदारांनी उचलला होता. आज ज्यांनी विरोध केला होता त्यांच्यातील अनेकांनाही ही भिंत आपली वाटते. शौर्याचा डंका न वाजवता मृतांचा मान कसा राखावा, याचे इतके प्रामाणिक उदाहरण सार्वजनिक वास्तुकलेत क्वचितच सापडते.

पूर्वेकडे जाताना दुसऱ्या महायुद्धाचे, २००४ मध्ये खुले झालेले स्मारक लागते. त्यातील भिंतीवर ४,०४८ सोनेरी तारे आहेत आणि प्रत्येक तारा शंभर मृतांचा आहे. १ ऑक्टोबर २०१३ रोजी केंद्रीय अर्थसंकल्प मंजूर न झाल्यामुळे सरकारी कामकाज थांबले आणि या उघड्या स्मारकाभोवतीही अडथळे लावण्यात आले. तेव्हा मिसिसिपी राज्यातून आलेले, ऐंशी-नव्वदीतील माजी सैनिक, त्यांतील कित्येक व्हीलचेअरवर, ते अडथळे बाजूला सारून आत शिरले. ज्या खुलेपणाला लोक गृहीत धरून चालतात, तो संसदेच्या वार्षिक मंजुरीवर टिकून आहे, हे त्या दिवशी सर्व देशाला दिसले.

वॉशिंग्टन स्तंभ ५५५ फूट उंच आहे, आणि मुलांना त्याच्या उंचीपेक्षा रंग दाखवावा. तळापासून सुमारे दीडशे फुटांवर दगडाची छटा एकदम बदलते. १८४८ मध्ये सुरू झालेले काम देणग्या आटल्याने आणि परकीय स्थलांतरितांविरुद्ध चळवळ करणाऱ्या एका पक्षाने स्तंभ समितीवर कब्जा केल्याने थांबले. त्या पक्षाच्या लोकांनी पोपने भेट पाठवलेला दगड १८५४ साली पळवून नाहीसा केला होता. त्यानंतर यादवी युद्ध आले. अर्धवट बुंधा सुमारे पंचवीस वर्षे तसाच उभा राहिला, आणि सरकारी पैशाने काम पुन्हा सुरू झाले तेव्हा दुसऱ्या खाणीचा संगमरवर वापरावा लागला. १८८४ मध्ये माथ्यावर बसवलेले टोक ॲल्युमिनियमचे आहे, कारण त्या काळी तो धातू दुर्मीळ आणि मौल्यवान होता. वर जाण्यासाठी लिफ्ट आहे. आधी आरक्षण केले तर एक डॉलर सेवाशुल्क पडते, आणि त्याच दिवशी सकाळी रांगेत उभे राहिले तर तेही नाही.

स्तंभाच्या पायथ्याशी, काशाच्या रंगाच्या जाळीदार पत्र्यांनी वेढलेली, वरच्या बाजूला रुंदावत जाणाऱ्या तीन मजली मुकुटासारखी इमारत म्हणजे आफ्रिकन-अमेरिकन इतिहास आणि संस्कृतीचे संग्रहालय होय. ते २०१६ मध्ये उघडले. पण कृष्णवर्णीयांचे स्मारक राजधानीत असावे ही मागणी यादवी युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांनी १९१५ मध्येच मांडली होती. कायदा २००३ साली झाला. डेव्हिड ॲडजाये यांच्या या वास्तूचा मोठा भाग जमिनीखाली आहे. प्रेक्षक लिफ्टने खाली पंधराव्या शतकापर्यंत उतरतो आणि गुलामांच्या व्यापारापासून चढणीच्या वाटांनी हळूहळू वर्तमानाकडे येतो. वाटेत दक्षिण कॅरोलिनातील एडिस्टो बेटावरून उचलून आणलेली गुलामांची लाकडी झोपडी आणि वर्णानुसार जागा वाटलेला रेल्वेचा डबा लागतो. येथून मॉल ओलांडून दक्षिणेला, सातव्या रस्त्याजवळ, 'यलो हाउस' नावाचा गुलामांचा कोंडवाडा होता. न्यूयॉर्कचा स्वतंत्र नागरिक सॉलोमन नॉर्थप याला १८४१ मध्ये फसवून येथेच डांबून ठेवण्यात आले होते आणि तेथून कॅपिटॉल दिसत असे. या संग्रहालयासाठी वेळ ठरवून दिलेला विनामूल्य पास आधी ऑनलाइन घ्यावा लागतो, तो न घेता आलेली कुटुंबे दारातून परत जाताना दिसतात. लहान मुलांना सर्व काही दाखवावे की नाही हा निर्णय पालकांचा आहे. तथापि जातीच्या नावाने पाणवठे वेगळे ठेवलेल्या देशातून आलेल्या कोणालाही येथे समजावून सांगण्याची गरज पडत नाही. वॉशिंग्टनच्या दक्षिणेला, मेरीलँडमधील ॲकोकीक येथे, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा, शिल्पकार राम सुतार यांनी घडवलेला १९ फुटी पुतळा उभा राहिला आहे, आणि ज्यांच्याकडे गाडी आणि आणखी एक दिवस आहे त्यांनी या संग्रहालयाला जोडून ती भेट ठरवावी.

दुपारच्या जेवणासाठी संग्रहालयांतील उपाहारगृहे महाग पडतात आणि बाहेर रस्त्यालगत ओळीने उभ्या असणाऱ्या खाद्यगाड्यांवर शाकाहारी माणसाला निवड करायला फारसे काही नसते. म्हणून पोळी-भाजी, दशम्या किंवा मेथीचे ठेपले असा डबा बरोबर असलेला बरा. तो झाडाखाली हिरवळीवर बसून खायला कोणाची हरकत नसते. संग्रहालयांत व्हीलचेअर विनामूल्य मिळते आणि बाबागाडी आत नेता येते.

मॉलवरील बहुतेक संग्रहालये ज्या स्मिथसोनियन संस्थेची आहेत, तिचा जन्म एका चमत्कारिक मृत्युपत्रातून झाला. जेम्स स्मिथसन हा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ एका ड्यूकचा विवाहबाह्य पुत्र होता, त्यामुळे वडिलांची पदवी त्याला कधीच मिळणार नव्हती. जस्ताच्या एका खनिजाला आज त्याचे नाव आहे. १८२९ मध्ये तो जेनोआ येथे वारला. त्याने संपत्ती पुतण्याच्या नावे केली होती, आणि पुतण्या निपुत्रिक वारल्यास ती अमेरिकेला जावी व तिच्यातून वॉशिंग्टन येथे ज्ञानाची वाढ आणि प्रसार करणारी संस्था स्थापन व्हावी, असे लिहून ठेवले होते. स्मिथसनने अमेरिकेत कधी पाऊलही ठेवले नव्हते. १८३५ मध्ये पुतण्या वारला, आणि १८३८ मध्ये १,०४,९६० सोन्याच्या नाण्यांच्या रूपात ही संपत्ती जहाजाने अमेरिकेत पोहोचली. तिची किंमत ५,०८,३१८ डॉलर भरली. हे धन स्वीकारावे की नाही यावर संसदेत वाद झाला. सिनेटर जॉन कॅल्हून यांना परक्याची देणगी घेणे राष्ट्राच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणारे वाटत होते. स्वीकारल्यावर सरकारने ती रक्कम मुख्यतः आर्कान्सा राज्याच्या रोख्यांत गुंतवली आणि त्या राज्याने पैसे बुडवले. माजी राष्ट्राध्यक्ष आणि त्यावेळी संसद सदस्य असलेले जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा करून संसदेला ती रक्कम व्याजासह भरून देण्यास भाग पाडले, आणि १० ऑगस्ट १८४६ रोजी संस्थेचा कायदा झाला. ॲडम्स यांनी हट्ट सोडला असता तर आज मॉलवर काय उभे असते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. तांबड्या वालुकाश्माचा 'कॅसल' ही संस्थेची पहिली इमारत १८५५ मध्ये पूर्ण झाली. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १९०४ मध्ये स्मिथसनचे अवशेष जेनोआहून आणले आणि ते याच इमारतीत ठेवलेले आहेत. आता संस्थेच्या खर्चाचा मोठा भाग केंद्र सरकार उचलते.

एका दुपारी दोनच संग्रहालये नीट पाहून होतात, तीन पाहिली की मुले रडकुंडीला येतात. निसर्गेतिहास संग्रहालयात कुटुंबाची पावले आपोआप होप हिऱ्याकडे वळतात. ४५.५२ कॅरटचा हा गडद निळा हिरा फिरत्या चौथऱ्यावर काचेत ठेवलेला असतो. गोवळकोंड्याच्या राज्यातील कृष्णा नदीकाठच्या कोल्लूर खाणीतून तो निघाला असे मानले जाते. फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए याने तो भारतातून नेला आणि चौदाव्या लुईला १६६८ मध्ये विकला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९२ साली राजघराण्याच्या जडजवाहिरांबरोबर तो चोरीला गेला, आणि पुढे वेगळ्या आकारात कापलेला इंग्लंडमध्ये प्रकट झाला. १९५८ मध्ये जवाहिऱ्या हॅरी विन्स्टन याने तो संग्रहालयाला देऊन टाकला. खाकी कागदात गुंडाळून साध्या रजिस्टर्ड टपालाने त्याने तो पाठवला आणि त्याला १४५.२९ डॉलर खर्च आला, ज्यातील बहुतांश रक्कम विम्याची होती. कोल्लूरच्या खाणीत तो प्रथम हाती घेणाऱ्या माणसाचे नाव मात्र कोणत्याही पाटीवर नाही, आणि भारतीय कुटुंबाने त्या काचेसमोर त्या अनाम माणसाचीही आठवण ठेवावी. पलीकडे हवाई आणि अंतराळ संग्रहालयात राइट बंधूंचे १९०३ चे विमान, अपोलो ११ ची चंद्रवारी करून आलेली 'कोलंबिया' कुपी आणि हाताने स्पर्श करता येणारा चंद्रावरील दगडाचा तुकडा आहे. लाखो बोटांनी तो गुळगुळीत झाला आहे. चित्रकलेची आवड असलेल्यांनी नॅशनल गॅलरीत जाऊन लिओनार्दोचे जिनेव्रा दे बेन्चीचे चित्र पाहावे. अमेरिका खंडांत सार्वजनिक दर्शनासाठी असलेले त्याचे हे एकमेव रंगचित्र आहे.

संग्रहालयांनंतर मॉलच्या पूर्व टोकाला कॅपिटॉल लागते. त्याच्या आत खाद्यपदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे उरलेला डबा आधीच संपवावा लागतो. घुमटावरील 'स्वातंत्र्या'चा कांस्यपुतळा १८६३ मध्ये चढवण्यात आला. तो ओतण्याच्या कामात फिलिप रीड या गुलाम कारागिराचा मोठा वाटा होता, आणि पुतळा वर चढेपर्यंत तो कायद्याने मुक्त झालेला होता. ज्या शहरात ही संसद आहे त्या शहराच्या सुमारे सात लाख रहिवाशांना राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा अधिकार १९६१ च्या घटनादुरुस्तीने मिळाला, पण सिनेटमध्ये आजही त्यांचा प्रतिनिधी नाही आणि प्रतिनिधिगृहातील त्यांच्या सदस्याला कायद्यावर अंतिम मत देता येत नाही. शहरातील गाड्यांच्या क्रमांकपाट्यांवर या अन्यायाची तक्रार छापलेली असते, आणि रस्ता ओलांडताना ती मुलांना दाखवता येते.

कॅपिटॉलसमोर, १८९७ मध्ये उघडलेल्या जेफरसन इमारतीत, लायब्ररी ऑफ काँग्रेस आहे. तिच्या भित्तिचित्रांनी सजलेल्या दालनांसाठी बहुतेक लोक जातात, परंतु मराठी वाचकासाठी येथे आणखी काही आहे. साठच्या दशकात रेशनच्या दुकानांत आलेला अमेरिकी गहू ज्या पी. एल. ४८० या १९५४ च्या कायद्याखाली येत असे, त्याच कायद्यानुसार भारताने त्याची किंमत रुपयांत चुकवायची होती आणि ते रुपये अमेरिकेच्या खात्यावर भारतातच साठत राहिले होते. त्यांतील काही रक्कम भारतीय भाषांतील पुस्तके विकत घेण्यासाठी वापरावी असे ठरले आणि लायब्ररीचे दिल्लीतील कार्यालय १९६२ मध्ये सुरू झाले. मराठी कादंबऱ्या, कवितासंग्रह, नाटके आणि संशोधनग्रंथ अशा वाटेने या ग्रंथालयात व अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत पोहोचले. पुढे त्या रुपयांचा साठा संपला तरी खरेदी चालूच राहिली. महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याच्या ग्रंथालयातून जीर्ण होऊन बाद झालेले पुस्तकही येथे मिळू शकते. वाचक-ओळखपत्र सोळा वर्षांवरील कोणालाही, पासपोर्ट दाखवून, विनामूल्य मिळते. पुष्कळ पुस्तके दूरच्या कोठारांत असल्याने मागणी आधी नोंदवावी लागते आणि वाचनकक्षाच्या वेळा इमारत पाहण्याच्या वेळांहून वेगळ्या असतात, त्यामुळे एका दिवसाच्या भटकंतीत हे साधत नाही. सहा महिने मुलाकडे राहायला आलेल्या आजी-आजोबांना मात्र एखाद्या कामाच्या दिवशी मेट्रोने येऊन आशियाई वाचनकक्षात हवे ते मराठी पुस्तक मागवता येते, आणि बरोबर येणाऱ्या नातवंडाने सोळा पूर्ण केली असतील तर त्याचेही ओळखपत्र त्याच वेळी काढून घेता येते.